ग्रुप टूर की आपलं आपण? पैसे भरण्याआधी वहीत मांडायचा हिशेब

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की आमच्या घरी दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. बाबा वर्तमानपत्रातल्या टूर कंपन्यांच्या जाहिराती कापून ठेवतात आणि भाचा मोबाइलवर विमानाची तिकिटं शोधायला बसतो. बाबांचं म्हणणं, "पैसे भरायचे, बॅग भरायची, चला." भाच्याचं म्हणणं, "आजोबा, यापेक्षा कितीतरी स्वस्तात मी नेतो." दोघंही खरं बोलतात आणि दोघांचाही हिशेब अर्धवट असतो. बाबा हातून गेलेला वेळ धरत नाहीत, भाचा डोक्याला होणारा ताप धरत नाही.

मी दोन्ही प्रकारांनी हिंडले आहे. बसमध्ये अनोळखी माणसांबरोबर अंताक्षरी म्हटली आहे आणि पहाटे चारला परक्या स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याशी घासाघीसही केली आहे. हात दोन्हीकडे पोळले. त्यामुळे आता वादात न पडता मी वही घेऊन बसते, आणि माणसं, ठिकाण, तास, पैसे या क्रमाने मांडणी करते. उत्तर त्यातून आपोआप पडतं आणि ते दर वेळी वेगळं असतं. खाली मुख्यतः बदामी-हंपीचं उदाहरण घेतलंय, कारण मराठी माणसाला पहिली स्वतंत्र सहल करायला त्याहून सोपं ठिकाण मला माहीत नाही. लडाख आणि युरोप शेवटी येतील, त्यांची तऱ्हा निराळी आहे.

पायरी १: माणसं लिहा

कुठे जायचं याच्याआधी कोण जाणार ते लिहा. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी: न थांबता किती चालवतं, किती पायऱ्या चढवतात, पहाटे उठवतं का आणि जेवणाची पथ्यं काय. इथे भिडेखातर काही लिहू नका. "बाबा तसे धडधाकट आहेत" हे वहीत चालत नाही. "सपाटीवर दोन किलोमीटर, पायऱ्या चाळीस, मग दहा मिनिटं बसावं लागतं" हे चालतं. सहलीचा वेग सगळ्यात सावकाश चालणारा ठरवतो. ग्रुपमध्ये तो माणूस तुमच्या घरचा नसला तरी तुमच्या बसमध्ये असतोच. आणि तुमच्या घरचा असला, तर बाकीचे चाळीस जण बसच्या काचेतून त्याची वाट बघतात. माझ्या आईला त्या नजरांचाच जास्त त्रास झाला, गुडघ्यांचा कमी.

आता पाचवा रकाना, जो बहुतेक जण लिहीत नाहीत: काम कोण करणार? घरच्या सहलीतही टूर लीडर असतो, फक्त त्याला पगार नसतो. आमच्याकडे ती मी. तिकिटं, खोल्या, बाबांच्या बीपीच्या गोळ्या, कोणाला चहा बिनसाखरेचा, सगळं माझ्या डोक्यात. एका सहलीत चौथ्या दिवशी वहिनीने सहज विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं गं?" आणि मी तिच्यावर अशी काही खेकसले की पुढचे दोन दिवस आम्ही फक्त फोटोपुरत्या जवळ उभ्या राहिलो. तेव्हापासून नियम केला आहे: तिकिटं आणि खोल्या एकाकडे, पैसे दुसऱ्याकडे, खाणं आणि औषधं तिसऱ्याकडे. यादीत हे काम आनंदाने घेणारं कोणीच नसेल, तर कंपनीला पैसे द्या. ते पैसे त्याच कामाचे असतात आणि वाया जात नाहीत.

एकट्या निघणाऱ्या बाईसाठी किंवा पुरुषासाठी वेगळी नोंद: बऱ्याच ग्रुप टूरमध्ये तुमच्यासारखाच एकटा आलेला रूम पार्टनर जोडून देतात. तो नको असेल तर एकट्याच्या खोलीचे जादा पैसे पडतात. हे आधीच विचारा.

पायरी २: ठिकाणाची अडचण नेमकी कुठे आहे

काही अडचणी माहितीच्या असतात. गाडी कोणती, तिकीट कुठे, कोणत्या दिवशी काय बंद. या घरी बसून सुटतात. काही अडचणी ऐनवेळच्या असतात. दरड कोसळली, रात्री कोणाच्या छातीत दुखलं, पासपोर्ट हरवला. तिथे धावपळ करणारा माणूस लागतो. ठिकाणाची अडचण पहिल्या जातीची असेल तर आपलं आपण जायला हरकत नाही. दुसऱ्या जातीची असेल आणि बरोबर म्हातारी माणसं असतील, तर मी ग्रुपकडे झुकते.

बदामी-हंपीत जवळपास सगळी अडचण पहिल्या जातीची. सोलापूर-गदग रेल्वेमार्गावर बदामीचं स्टेशन आहे, मुंबईहून पुणे, सोलापूर, विजयपूर करत होसपेटला जाणारी गाडी तिथे थांबते. कुठलाही परवाना लागत नाही. हिंदीवर भागतं, विजयपूर-बदामीकडे मराठी समजणारे दुकानदारही भेटतात. खानावळीत ज्वारीची भाकरी मिळते, तिथे तिला जोळद रोट्टी म्हणतात, बरोबर भरल्या वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. सोलापूरच्या माणसाला आपण राज्य ओलांडलंय हे पाटीवरच्या अक्षरांवरूनच कळावं.

चारधाम याच्या अगदी उलट. नोंदणी आधी करावीच लागते, हवामान सांगून बिघडत नाही, रस्ता कधी बंद होईल याचा नेम नाही. दरड आली की ग्रुपची बसही तिथेच अडकते, हे खरं. पण त्या रात्री चाळीस जणांसाठी खोल्या शोधायला एक माणूस आधीच फोनवर असतो, आणि आपण एकटे असलो की तो फोन आपल्यालाच करायचा असतो.

पायरी ३: तास मोजा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हिच्यावर कोणी वेळ घालवत नाही. माहितीपत्रकातला एक दिवस घ्या. बदामी-हंपीच्या टूरमध्ये साधारण असं काहीतरी छापलेलं असतं:

"दिवस ४: नाश्त्यानंतर हंपीदर्शन. विरूपाक्ष मंदिर, विठ्ठल मंदिर, दगडी रथ, लोटस महाल, गजशाळा, राणीचे स्नानगृह, महानवमी डिब्बा. मुक्काम होसपेट."

नावं सात दिसतात. पण दगडी रथ विठ्ठल मंदिराच्या आवारातच उभा आहे, तेव्हा ठिकाणं सहा. हे जाहिरातीचं गणित आहे, रागावण्यासारखं काही नाही, फक्त मोजताना लक्षात ठेवायचं.

आता घड्याळ लावा. ग्रुपमध्ये रात्री जेवताना टूर लीडर सांगतो, "उद्या सहा-सात-आठ." म्हणजे सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. कोणाचा तरी चष्मा खोलीत राहतो, बस सव्वाआठला हलते. होसपेट ते हंपी साधारण १३ किलोमीटर, पावणेनऊला पोचलात. संध्याकाळी साडेपाचपर्यंत पावणेनऊ तास. त्यातून जेवणाचा दीड तास वजा. चाळीस माणसं बसमधून उतरायला, मोजायला, परत चढवायला प्रत्येक थांब्याला वीस-पंचवीस मिनिटं जातात. असे पाच थांबे धरले तर दोन तास गेले. उरले सव्वापाच. विठ्ठल मंदिराला वाहनतळापासून बॅटरीवरच्या गाडीने जावं लागतं, तिची रांग जाता-येता अर्धा-पाऊण तास खाते. म्हणजे सहा ठिकाणांना मिळून साडेचार तास, एकेकाला पंचेचाळीस मिनिटं. त्यातली वीस गाइड बोलतो, दहा ग्रुप फोटोला.

हा हिशेब वाचून ग्रुप टूर वाईट ठरत नाही. पंचेचाळीस मिनिटांत महानवमी डिब्बा छान बघून होतो. पण विठ्ठल मंदिराला तेवढी पुरत नाहीत, निदान मराठी माणसाला तरी. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठ्ठल विजयनगरला नेला आणि भानुदासांनी, म्हणजे एकनाथांच्या पणजोबांनी, तो परत आणला, ही कथा वारकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. हंपीच्या त्या देवळाच्या गाभाऱ्यात आज मूर्ती नाही. माझी आजी त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे अर्धा तास बसली होती, काही न बोलता. बाहेर बसचा हॉर्न वाजत असता तर ते झालं नसतं.

आपलं आपण जाताना हेच तास उलटे लावता येतात. हंपीत दुपार भाजून काढते, मार्चपासून तर अकरानंतर दगडावर पाय ठरत नाही. म्हणून पहाटे साडेपाचला मातंग टेकडी, साडेआठला नाश्ता, मग विठ्ठल मंदिर, बारा ते साडेतीन पंख्याखाली आडवं आणि चारनंतर उरलेलं. विठ्ठल मंदिराचं तिकीट जपून ठेवा, त्याच दिवशी तेच लोटस महालाच्या आवारात आणि कमलापूरच्या संग्रहालयात चालतं.

एक कबुली मात्र द्यायला हवी. ग्रुपमध्ये सहाच्या सहा ठिकाणं बघून होतात. आपलं आपण गेलेली माणसं दुपारी जी आडवी होतात ती कधीकधी साडेपाचलाच उठतात. मी स्वतः राणीचं स्नानगृह दोन सहलींत दोनदा असंच घालवलं आहे. तुम्हाला ढकलणारं कोणी लागतं का, हेही वहीत लिहा.

पायरी ४: पैसे, दोन्ही बाजूंना तेच रकाने

भाच्याची चूक इथे होते. तो टूरच्या पूर्ण किमतीशी फक्त तिकीट आणि खोलीची बेरीज ताडून बघतो. चहा, रिक्षा, गाइड, प्रवेशशुल्क, ड्रायव्हरचा भत्ता आकाशातून पडतो असं त्याला वाटतं.

खालचे आकडे फक्त गणित दाखवायला घेतले आहेत, तुमचे तुम्ही भरा. समजा पाच दिवसांची टूर माणशी ३०,००० रुपये आहे. त्यावर ५ टक्के जीएसटी धरला की ३१,५००. आता आपली बाजू, चौघांची. रेल्वे जाऊन-येऊन माणशी २,४०० म्हणजे ९,६००. दोन खोल्या, चार रात्री, खोलीला ३,००० दराने २४,०००. जेवणखाण दिवसाला माणशी ६००, पाच दिवसांचे १२,०००. गाइड, तिकिटं, रिक्षा मिळून ८,०००. आणि गाडी.

गाडीचं जरा थांबून बघू, कारण फसगत तिथेच होते. बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान किलोमीटर लावतात, बहुधा २५० किंवा ३००. तुम्ही ८० किलोमीटर फिरलात तरी पैसे २५०चे. त्यावर ड्रायव्हरचा दिवसाचा भत्ता, टोल, पार्किंग, आणि महाराष्ट्राची गाडी कर्नाटकात नेली तर तिथला कर. म्हणून पुण्याहून गाडी घेऊन जाण्यापेक्षा रेल्वेने जाऊन बदामीत किंवा होसपेटला स्थानिक गाडी ठरवणं परवडतं. २५० किलोमीटर, १५ रुपये दराने दिवसाचे ३,७५०, अधिक ४०० भत्ता, चार दिवसांचे १६,६००.

बेरीज ७०,२००. यात चुकांचे १० टक्के घाला, ७,००० धरू. (चुकीच्या स्टेशनावर उतरणं, चुकीच्या तारखेची खोली, ओला झालेला मोबाइल. हा रकाना मी कधी रिकामा राहिलेला पाहिलेला नाही.) झाले ७७,२००, माणशी १९,३००. टूरपेक्षा १२,००० कमी.

पण दोघंच जाणार असाल तर? गाडी तेवढीच, १६,६००. एक खोली १२,०००, जेवण ६,०००, रेल्वे ४,८००, गाइड वगैरे ५,५००. चुकांसकट ४९,४००, माणशी २४,७००. फरक ७,००० च्या आत आला. आणि एकटेच असाल आणि गाडीशिवाय अडत असेल, तर गाडी आणि खोली सगळी तुमच्याच माथी: १६,६००, १२,०००, ३,०००, २,४००, ४,५००, चुकांसकट ४२,००० च्या वर. एकट्याला ग्रुप स्वस्त पडतो. तेव्हा भाचा चार जणांबद्दल बोलत असतो तेव्हा त्याचं बरोबर असतं, आणि बाबा शेजारच्या काकांसाठी बोलत असतात तेव्हा त्यांचंही. एकट्याने स्वस्तात जायचं तर गाडी सोडून एसटीच्या कर्नाटकी बहिणीवर बसायचं. बदामीहून पट्टदकल २२ किलोमीटर, ऐहोळे त्याच्यापुढे, बस आहेत, वेळ आणि धीर मात्र हवा.

परदेशाच्या पॅकेजवर जीएसटीखेरीज टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आयकराचा आगाऊ हिस्सा, कापतात. तो खर्च धरू नका, आयकर विवरणपत्र भरताना तो तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण पैसे तोपर्यंत अडकतात, आणि पावती कोणाच्या पॅनवर आहे हे बघायला हवं.

पायरी ५: माहितीपत्रक वाचायला शिका

ग्रुप टूरकडे कल असेल तर पैसे भरण्याआधी लाल पेन घेऊन बसा. 'फोटोस्टॉप' म्हणजे उतरायचं, फोटो काढायचा, चढायचं, आत जायचं नाही. 'बाहेरून दर्शन' तेच. युरोपच्या पत्रकात 'ओरिएंटेशन टूर' लिहिलं असेल तर ते शहर तुम्ही बसच्या काचेतून बघणार आहात. हॉटेलच्या नावापुढे 'किंवा तत्सम' असलं की नाव विसरा, ते गावात आहे की गावाबाहेर हायवेवर एवढंच विचारा. संध्याकाळी बाहेर पडून चार पावलं चालता येणं मला पंचतारांकित नाश्त्यापेक्षा मोलाचं वाटतं.

'सात दिवस सहा रात्री' यात पहिला दिवस संध्याकाळी सहाला सुरू होतो का आणि शेवटचा सकाळी नाश्त्यावर संपतो का, ते बघा. तसं असेल तर हातात पाचच दिवस आहेत. मनालीच्या टूरमध्ये रोहतांगचं नाव दिसलं तर ते किमतीत आहे की 'स्वखर्चाने' ते शोधा. तिथे गाड्यांच्या संख्येवर मर्यादा आहे, परवाना लागतो, आणि अटल बोगद्यातून पलीकडे नेऊन बर्फ दाखवला की काम झालं असं मानणारेही आहेत. पहलगामला मोठ्या बसने पोचलात तरी पुढे अरू, बेताब व्हॅलीसारख्या ठिकाणी स्थानिक युनियनच्याच टॅक्सीने जावं लागतं. ते पैसे कोण देणार हे विचारून घ्या.

आणि खरेदीचे थांबे. राजस्थानातल्या एका टूरमध्ये आम्हाला आमेरच्या किल्ल्यावर पन्नास मिनिटं मिळाली आणि त्यानंतर गालिच्यांच्या एका दुकानात एक तास चाळीस मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. दुकानदाराने चहा दिला, वेलदोड्याचा, उत्तम. गालिचा कोणीच घेतला नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा प्रकार एकट्या कोणाचा नाही.

मग फोन करा आणि हे विचारा, शक्यतो उत्तरं ईमेलवर मागून: बसमध्ये कमाल किती माणसं? सीट रोज बदलतात का? टूर लीडर आमच्याबरोबर पूर्ण वेळ आहे की दर शहरात वेगळा माणूस? देवळात-किल्ल्यात माहिती सांगणारा स्थानिक गाइड वेगळा आहे का? (लीडर गोड बोलणारा, गाणी म्हणणारा, बॅगा मोजणारा असतो. त्याने चालुक्यांबद्दल बोलावं ही अपेक्षा रास्त नाही.) पुरेशी माणसं जमली नाहीत तर टूर रद्द करणार की दुसऱ्या तारखेत ढकलणार, आणि पैसे किती दिवसांत परत? कोणी आजारी पडलं तर मागे कोण थांबतं?

हा शेवटचा प्रश्न मी हिमाचलनंतर विचारायला लागले. रात्री अकराला बाबांना धाप लागली. टूर लीडर, पंचविशीतला पोरगा, पायात चपला न घालता टॅक्सी आणायला धावला. दवाखान्यात तो पहाटे तीनपर्यंत बाकावर बसून होता, आणि सकाळी बस पुढे गेली तेव्हा मदतनीसाला आमच्याजवळ ठेवून गेला. काही विशेष निघालं नाही, पण त्या रात्रीनंतर बाबा जाहिराती का कापतात हे मला कळलं.

पायरी ६: आपलं आपण ठरलं, तर कामाचा क्रम

सर्वांत आधी बंदचे वार. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. हे मला वेरूळच्या फाटकातच कळलं, बरोबर दिल्लीचे पाहुणे होते आणि मी "आमचं वेरूळ" असं म्हणत त्यांना घेऊन गेले होते. ताजमहाल शुक्रवारी बंद. पॅरिसचं लूव्र मंगळवारी, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकीच्या रविवारी. हे वार कागदावर काट मारून मगच तारखा पाडा.

मग मुक्काम. एका ठिकाणी किमान दोन रात्री. रोज बॅग बांधायची असेल तर ग्रुपच बरा, तिथे निदान बॅग दुसरं कोणी उचलतं. बदामीला दोन, हंपीला दोन. बदामीच्या दोन रात्री कशाला, असं वाटेल. लेण्यांतलं तिसरं लेणं, इसवी सन ५७८ च्या शिलालेखाचं, सकाळी निवांत बघा. संध्याकाळी अगस्त्य तळ्याच्या टोकाशी भूतनाथाच्या देवळापाशी बसा, मावळतीचं ऊन त्या तांबड्या दगडावर येतं तेव्हा. मधल्या दिवशी पट्टदकल आणि ऐहोळे. माकडांपासून पिशवी जपा, ती लेण्यांच्या पायऱ्यांवर अक्षरशः नाकाबंदी करतात.

तिसरं काम रेल्वेचं, खोल्यांच्याही आधी पक्कं करायचं. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. पोचण्याची वेळ उजेडातली निवडा. अनोळखी गावी रात्री दीडला उतरण्यात वाचलेले पैसे पहिल्या रिक्षातच जातात. तत्कालवर विसंबू नका, वातानुकूलित डब्यांसाठी आदल्या दिवशी दहाला आणि बाकींसाठी अकराला खिडकी उघडते आणि खात्याला आधार जोडलेलं नसेल तर ऑनलाइन मिळतही नाही. खोल्या फुकट रद्द करता येतील अशाच घ्या, आणि निघण्याच्या दोन दिवस आधी हॉटेलला फोन करून "आम्ही येतोय" हे सांगा. बुकिंग साइटवर खोली दिसते आणि हॉटेलच्या वहीत नसते, असं होतं.

मधली वाट

बहुतेक वेळा मी आता इथेच येऊन थांबते. आपली आपण रेल्वे, आपली खोली, स्थानिक गाडी, आणि जिथे समजून घेण्यासारखं आहे तिथे सरकारी ओळखपत्र असलेला गाइड अर्ध्या दिवसासाठी. पट्टदकलला गाइड घ्या. एकाच आवारात उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची शिखरं शेजारी उभी आहेत, कोणी बोटाने दाखवल्याशिवाय डोळ्याला ते दिसत नाही. दुसरा मार्ग म्हणजे आपल्याच दहा-बारा नातेवाइकांचा ग्रुप करून कंपनीकडून कार्यक्रम आखून घेणं. सोबत आपली, धावपळ त्यांची. यात भांडणं मात्र घरचीच राहतात.

लडाख

इथे एकच कसोटी लावा. लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि विमानातून उतरल्यावर शरीराला सवय व्हायला दोन दिवस तरी लागतात. टूरच्या दुसऱ्याच दिवशी 'खारदुंग ला' ही खिंड असेल तर ती टूर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. खिंड ५,३०० मीटरच्या पुढे आहे. पँगाँग तळ्याकाठी मुक्काम सव्वाचार हजार मीटरच्या आसपास होतो. साठीपुढच्यांना, दम्याच्या किंवा हृदयाच्या माणसांना आधी डॉक्टर दाखवा आणि नुब्रा खोऱ्यातला मुक्काम सुचवा, तिथलं हुंदर गाव लेहपेक्षा खाली आहे. मात्र तिथे जायला खिंड ओलांडावीच लागते.

बाकी लडाख आपलं आपण वाटतं त्यापेक्षा सोपं. टॅक्सी युनियनचे दर ठरलेले असतात, तिथे घासाघीस नाही. बाहेरून आणलेली भाड्याची गाडी स्थानिक फिरण्याला चालत नाही. बाहेरून आणलेलं प्रीपेड सिम चालत नाही, घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड हवं. आणि शेवटी एक दिवस रिकामा ठेवा, हवेमुळे विमानं रद्द होतात.

युरोप

आईबाबांचा पहिलाच परदेश असेल तर ग्रुप, मी इथे वाद घालत नाही. व्हिसाचे कागद कंपनी लावते, रोज एक तरी भारतीय जेवण मिळतं. बोटांचे ठसे द्यायला मात्र स्वतःच जावं लागतं, आधी दिले असतील तर ५९ महिन्यांपर्यंत तेच चालू शकतात.

आपलं आपण जायचं तर देश दोनच घ्या. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्याच्याकडे, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते किमान पंधरा दिवस आधीपर्यंत. जून २०२४ पासून प्रौढांचं शुल्क ९० युरो आहे, विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी ती बघा. ग्रुपची एक गोष्ट मला तिथे फार खुपते: जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि आपली बस सातला पनीर खायला थांबलेली असते.

बदामीचं म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरं. निघायच्या तारखेपासून मागे ६० दिवस मोजा, निघायचा दिवस न धरता, आणि त्या सकाळी आठच्या पाच मिनिटं आधी लॉगिन करून बसा. प्रवाशांची नावं आणि वयं आदल्या रात्रीच खात्यात भरून ठेवा. खालचा बर्थ बाबांच्या नावापुढे.